वाच्यार्थाचा जामीन

वादात प्रतिपक्षाचा पाडाव करण्याच्या ज्या बऱ्यावाईट रीती न्यायसूत्रांत नोंदल्या गेल्या आहेत, त्यांत 'छल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लबाडीला स्वतंत्र स्थान दिलेले असून तिचे तीन प्रकार सूत्रकारांनी मोठ्या दक्षतेने वेगळे केले आहेत. पहिला वाक्छल. एखाद्या विद्यार्थ्याच्या अंगावर 'नव कांबळे' आहे असे कोणी म्हणावे, त्याला ते कांबळे नवे आहे एवढेच सांगावयाचे असावे, आणि ऐकणाऱ्याने मात्र 'याच्यापाशी तर एकच दिसते, उरलेली आठ कोठे गेली?' असा सवाल टाकावा, हे त्याचे भाष्यकारांनी दिलेले उदाहरण. दुसऱ्या प्रकाराशी, म्हणजे सामान्यछलाशी, आपल्याला येथे कर्तव्य नाही. तिसरा तो उपचारछल. मंच ओरडत आहेत असे कोणी बोलून गेला, मंचावर बसलेली माणसे ओरडत आहेत हा त्याचा आशय शेंबड्या पोरालाही कळण्यासारखा असला, तरी प्रतिवादी गंभीर चेहऱ्याने उठतो आणि लाकडाच्या मंचांना वाचा नसते, सबब वादीचे विधान असत्य आहे, असा निकाल देऊन मोकळा होतो. या तिसऱ्या प्रकाराला पहिल्याच्याच पोटात का घालू नये, अशी शंका सूत्रकारांनी स्वतःच उपस्थित केली आहे आणि तिचे उत्तरही दिले आहे: पहिल्यात एका अर्थाच्या जागी दुसरा अर्थ बसविला जातो, तिसऱ्यात मात्र जी वस्तुस्थिती सांगितली गेली तिचे अस्तित्वच नाकारले जाते. म्हणजे लाक्षणिक बोलणाऱ्याला खोटे ठरविणे हा तर्कशास्त्राच्या दरबारात नुसता अरसिकपणा मानलेला नाही, तर शिक्षेस पात्र असा अपराध मानलेला आहे. आणि हा निर्णय कवींनी दिलेला नसून प्रमाणांचा काथ्याकूट करण्यात ज्यांची हयात गेली अशा नैयायिकांनी दिलेला आहे, ही गोष्ट प्रस्तुत ग्रंथ हाती घेणाऱ्याने आरंभीच ध्यानात ठेवावी अशी माझी विनंती आहे.

असे म्हणण्याचे कारण हे की, वाच्यार्थ आणि लाक्षणिक अर्थ यांच्यातील भेदाविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात जी समजूत रूढ झाली आहे ती बहुतांशी शालेय व्याकरणाच्या शेवटच्या प्रकरणावर, म्हणजे अलंकारांच्या यादीवर, पोसलेली आहे. भाषेचा एक साधा, खरा, व्यवहारोपयोगी असा मूळ थर असतो, आणि त्यावर उपमा-रूपकांचे नक्षीकाम हौसेनुसार करता येते वा खरवडून टाकता येते, असे ही समजूत सांगते. तिच्या पोटी दोन परस्परविरुद्ध अपत्ये जन्मास आली आहेत. एका पक्षाला अलंकारिक भाषा ही सत्यापासून ढळलेली, म्हणून कायद्याला, इतिहासाला आणि शास्त्राला वर्ज्य वाटते. दुसऱ्या पक्षाला सरळ भाषा ही रसहीन आणि प्रतिभाशून्य वाटते, आणि मग साध्या आभारप्रदर्शनाच्या भाषणातही तो शब्दांचा असा काही उत्सव मांडतो की आभार कोणाचे मानले हेच शेवटी कळत नाही. हे दोन्ही पक्ष एकाच चुकीत भागीदार आहेत, असे मला वाटते. लाक्षणिक अर्थ वाच्यार्थाला हुसकावून त्याच्या जागी बसत नाही. तो वाच्यार्थाच्या जामिनावर व्यवहार करीत असतो, आणि जामीनदार जितका खमका तितकी त्याची पत अधिक. या ग्रंथात जे काही नवे असेल ते इतकेच.

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाची जी मांडणी केली तिच्यातील शिस्त पाहण्यासारखी आहे. अकराव्या शतकात काश्मिरात होऊन गेलेल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या दुसऱ्या उल्लासात लक्षणेला तीन अटी घातल्या: मुख्य अर्थाला बाध आला पाहिजे, जो दुसरा अर्थ घ्यावयाचा त्याचा मुख्य अर्थाशी काही संबंध असला पाहिजे, आणि तसे करण्यामागे एकतर लोकरूढी तरी असली पाहिजे नाहीतर काही प्रयोजन तरी. गवळ्यांची वाडी गंगेवर आहे हे शास्त्रकारांचे ठरीव उदाहरण येथे उपयोगी पडते. वाहत्या प्रवाहावर वाडी वसणे अशक्य, म्हणून मुख्यार्थाला बाध आला. प्रवाहाला लागून तीर आहे, म्हणून संबंध जुळला. आणि 'गंगेच्या तीरावर' असे सरळ म्हणण्याची सोय असताना बोलणाऱ्याने ती सोडली, कारण त्या वाडीला गंगेची शीतलता आणि पावित्र्य लाभले आहे हे त्याला ऐकणाऱ्याच्या मनात उतरवावयाचे होते. आता या उदाहरणात सहसा दुर्लक्षिली जाणारी बाब अशी की, गंगा या शब्दाचा मुख्य अर्थ जर ऐकणाऱ्याच्या मनातून खरोखरच पुसला गेला असता, तर तीर हाती आले असते, परंतु शीतलता आणि पावित्र्य आले नसते. कारण हे दोन्ही गुण तीराचे नसून प्रवाहाचे आहेत. बाधित झालेला अर्थ बरखास्त होत नाही. तो मागे उभा राहतो आणि आपली मालमत्ता पुढच्याच्या हवाली करतो. हे कार्य व्यंजनेचे असे मम्मट म्हणतो, आणि तिला स्वतंत्र शक्ती मानू नये म्हणणाऱ्यांशी तो पाचव्या उल्लासात मोठा झगडा करतो. त्या झगड्याची हकीकत या ग्रंथाच्या उत्तरार्धात येईल.

वाच्यार्थाचा हा अग्रहक्क साहित्यशास्त्राने मीमांसकांकडून घेतला. वेदवाक्यांवरून प्रत्यक्ष कर्म करावयाचे असल्यामुळे मीमांसकाला शब्दाशी खेळण्याची मुभा नव्हती. जोवर सरळ अर्थाने वाक्याचा निभाव लागतो तोवर गौण अर्थाकडे वळावयाचे नाही, हा त्याचा दंडक होता. परंतु यूप, म्हणजे यज्ञातील पशू बांधण्याचा खांब, हाच आदित्य होय, अथवा प्रस्तर, म्हणजे वेदीवर अंथरलेली दर्भाची मूठ, हाच यजमान होय, अशी वाक्ये समोर आली की दंडकाची परीक्षा होते. यूप तुपाने माखलेला असून तळपतो, म्हणून सारूप्यामुळे त्याला आदित्य म्हटले. प्रस्तर यजमानाचे कार्य साधतो, म्हणून त्याला यजमान म्हटले, असा उलगडा मीमांसक करतात. आणि हा उलगडा किती निकडीचा आहे हे समजण्यास एवढे पुरे की, कर्माच्या अखेरीस तो प्रस्तर अग्नीत टाकावयाचा असतो. ज्याने शब्दशः अर्थाचा हट्ट धरला त्याने यजमानालाच अग्नीत लोटावे लागेल, आणि मग उरलेले कर्म पुरे कोण करणार? मीमांसकांच्या रूक्षपणाची थट्टा करणाऱ्यांनी हे अधिकरण एकवार वाचावे. विनोदाची इतकी कोरडी आणि इतकी प्रामाणिक जात संस्कृतात अन्यत्र विरळा.

तथापि 'मुख्य अर्थाला बाध' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न एवढ्याने मिटत नाही, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. वाक्यातील पदांचा परस्परांशी अन्वय लागत नसेल तर बाध आला, असे प्रथमदर्शनी वाटते. पण 'कावळ्यांपासून दही राख' अशी आज्ञा देऊन घरधनीण बाहेर गेली, तर त्या वाक्यात अन्वयाला धक्का लावणारे काय आहे? कावळे आहेत, दही आहे, राखणे शक्य आहे. असे असूनही जो नोकर कावळ्यांना हाकलीत बसला आणि कुत्र्याने मडक्यात तोंड घातले तेव्हा 'मला कुत्र्याचे सांगितले नव्हते' म्हणून स्वस्थ राहिला, त्याने आज्ञा पाळली असे कोणताही न्यायाधीश म्हणणार नाही. कावळा हा शब्द येथे दही नासवणाऱ्या यच्चयावत प्राण्यांचा प्रतिनिधी आहे. म्हणून लक्षणेचे बीज अन्वयाच्या अडचणीत नसून तात्पर्याच्या अडचणीत आहे, असा पक्ष पुढे आला, आणि तो ज्यांनी आग्रहाने मांडला त्यांत काशीस राहणारे नागेशभट्ट काळे हे महाराष्ट्रीय वैयाकरण प्रमुख होत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यांच्या नावाचा दबदबा काशीच्या पंडितसभेत होता, ज्यांनी व्याकरणावर मंजूषा लिहिल्या आणि 'काव्यप्रकाशा'वरील गोविंद ठक्कुरांच्या 'प्रदीप' टीकेवर 'उद्द्योत' रचला, त्या नागोजीभट्टांची ओळख आज त्यांच्याच भाषेच्या लोकांना पाठशाळांच्या बाहेर जवळजवळ राहिलेली नाही. त्यांच्या पक्षाचा परिणाम मोठा आहे. तो मान्य केला की लाक्षणिकता शब्दाच्या अंगावर शोधण्याची वस्तू राहत नाही. कोणी, कोणाला, कोणत्या हेतूने म्हटले याचा तपास केल्यावाचून एखादे वाक्य वाच्यार्थाचे की लक्षणेचे हे सांगताच येत नाही.

या पक्षाची सत्यता पटविण्यास मराठ्यांच्या इतिहासातील एक दुःखद कागद पुरेसा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जो संहार झाला त्याची पहिली निश्चित वार्ता, उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात नमूद केले आहे, आणि तेव्हापासून त्या पत्राचा आशय मराठी मुलांना तोंडपाठ असतो: मोत्ये दोन विरघळली, मोहरा सत्तावीस गमावल्या, आणि रुप्यातांब्याच्या नाण्यांची तर मोजदादच लागत नाही. अशा पत्रात वाक्याच्या अन्वयाला बाध आणणारे अक्षरही नाही. वाटेत कोणी ते फोडले असते तर त्याला एका पेढीचे नुकसान दिसले असते, आणि तसे दिसावे हाच लिहिणाऱ्याचा बेत. मोत्ये, मोहरा, रुपे, तांबे हे शब्द सावकाराच्या रोजच्या दप्तरातले, आणि ते येथे आपला मूळ अर्थ जराही न सोडता, सारा हिशेब जसाच्या तसा मांडून, त्याच हिशेबातून सदाशिवराव भाऊ आणि विश्वासराव गेल्याचे, नामांकित सरदार पडल्याचे, आणि शिपाई, बाजारबुणगे, यात्रेकरू यांची गणती करण्याच्या पलीकडे हानी झाल्याचे सांगतात. ज्याला तात्पर्य ठाऊक त्यालाच बाध जाणवतो. पेढीचा ठोकताळा मात्र पुढे एक गोष्ट करून जातो, जी लिहिणाऱ्याच्या मनात असेल की नाही कोण जाणे: माणसांची किंमत नाण्यांच्या चढउतारावर बसवली गेल्यामुळे ज्यांची संख्या सर्वांत मोठी तेच शेवटी खुर्दा ठरतात, आणि त्यांची बेरीज करण्याची तसदी कोणी घेत नाही. रूपक असे आपल्या मालकालाही न विचारता काही बोलून जाते. पेशव्यांना पत्राचा अर्थ लावण्यास फार वेळ लागला नसावा. त्याच वर्षाच्या जून महिन्यात पर्वतीवर त्यांचे देहावसान झाले.

वाच्यार्थ अंगाने भरलेला असला म्हणजे लक्षणेला किती बळ येते याचे दुसरे, आणि सुदैवाने हसरे, उदाहरण एकनाथांच्या भारुडांत मिळते. पैठणच्या या संताने गारुडी, जोशी, वासुदेव, जोगवा मागणारी, भूत लागलेली अशी गावगाड्यातील सोंगे उचलली आणि त्यांच्या तोंडून वेदान्त वदविला, हे सर्वश्रुत आहे. पण वेदान्त वदविला यावर आपण इतका भर देतो की सोंगाकडे पाहावयाचे राहून जाते. विंचू चावल्याचे भारूड उभे राहते तेव्हा काम आणि क्रोध यांचे ते विष, तमोगुणाची ती वेदना आणि सत्त्वगुणाचा तो उतारा हे सारे समजण्यापूर्वी श्रोत्याला विंचू चावावा लागतो. भारूड करणारा अंग आक्रसून घेतो, विव्हळतो, देहभर चढत जाणारी आग दाखवतो, आणि पंचक्रोशीतील ज्या माणसाने रात्री शेतात विंचवाचा डंख सोसला आहे तो समोर बसून खदखदा हसतो आणि त्याच क्षणी शहारतो. नाथांनी विंचवाला काम-क्रोधाचा नुसता पर्याय केले असते तर ते कीर्तनातले एक ठरीव रूपक झाले असते. विंचू विंचूच राहिल्यामुळे क्रोध कसा चढतो हे अंगाला कळते. ज्ञानेश्वरीतील दृष्टान्तांविषयीही पुष्कळ सांगण्यासारखे आहे. परंतु त्या विषयावर अधिकारी पुरुषांनी इतके लिहिले आहे की येथे नामनिर्देश पुरे.

आता या जामीनदाराच्या मृत्यूची बाब. कुमारिल भट्टाने लक्षणांची जी वाटणी केली आहे, काही दीर्घ रूढीने अभिधेसारख्याच झालेल्या, काही आता नव्याने केल्या जाणाऱ्या, आणि काही सामर्थ्यच नसल्यामुळे करता न येणाऱ्या, तिच्यातील पहिल्या वर्गाचे भांडार मराठीइतके संपन्न क्वचितच कोठे असेल. मोहिमेवरचा स्वार मुक्काम हलविताना घोड्याच्या खोगिरावरील गाशा गुंडाळीत असे. आज दुकान बंद करणारा व्यापारी गाशा गुंडाळतो, आणि त्याने आयुष्यात घोडा पाळलेला नसतो. दरबारात अवघड कामगिरीचा विडा तबकात ठेवला जाई आणि पत्करणारा तो उचली. आज पालिकेच्या निवडणुकीतील उमेदवार स्वच्छतेचा विडा उचलतो. मृताला तिळांसह दिलेले पाणी आपल्या मराठीत कोणत्याही तत्त्वाला सोडचिठ्ठी देण्याच्या कामी येते. शह, मात, मोर्चा, सुरुंग, शिकस्त: बुद्धिबळाच्या पटावरचे आणि रणांगणावरचे हे शब्द कचेरीच्या टेबलावर येऊन बसले. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि त्यांचाच वाक्संप्रदायांचा कोश चाळताना असे वाटत राहते की, एका लढाऊ आणि कर्मठ समाजाचे सारे बाडबिस्तार येथे नोंदवून ठेवले आहे.

यात खेद करण्यासारखे काही नाही. ज्या लक्षणेचा मूळ अर्थ लोकांच्या डोळ्यांसमोरून गेला ती पुन्हा वाचकच होते, म्हणजे सरळ शब्द होते, आणि सरळ शब्दांची भाषेला नित्य गरज असते. संकट उद्भवते ते ज्याचा जामीन मेला आहे अशा लक्षणेला कोणी जिवंत समजून मिरवू लागतो तेव्हा. आपल्या वृत्तपत्रांतून महागाईच्या आगीला खीळ बसते, टंचाईच्या डोंगराला वेसण घातली जाते आणि प्रगतीची घोडदौड ऐरणीवर येते. खीळ, वेसण आणि ऐरण यांपैकी एकही वस्तू लिहिणाऱ्याच्या मनश्चक्षूंपुढे नसते. असती तर डोंगराच्या नाकपुडीत दोरी ओवताना त्याचा हात निश्चित थांबला असता. अशा लेखनाला अलंकारिक म्हणून दोष देतात ते चूक करतात. त्यात अलंकार उरलेलाच नाही, त्याची नुसती टरफले आहेत, आणि त्यावर उपाय भाषा रूक्ष करणे हा नव्हे. वेसण म्हणजे काय, हे एकदा गोठ्यात जाऊन पाहून येणे हा आहे.

पाश्चात्त्य विचाराशी तुलना करण्याचा मोह मी बऱ्याच अंशी आवरला आहे. अॅरिस्टॉटलने एका वस्तूचे नाव दुसरीला देणे असे रूपकाचे लक्षण केले, आणि आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत रूपकातील दोन कल्पना एकमेकींवर कार्य करतात हे दाखवून त्या लक्षणाला पुष्कळ पुढे नेले. आपल्याकडील 'बाधित अर्थ उरतोच' या जाणिवेशी रिचर्ड्‌स यांचे म्हणणे जवळचे आहे, एवढे नोंदवून थांबतो. कायद्याच्या अर्थनिर्णयाचा विषय मात्र टाळता आला नाही, कारण मीमांसेचे नियम या देशात केवळ यज्ञशाळेत राहिले नाहीत. धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी ते वारसाहक्काच्या भांडणांना लावले. 'सपिंड' या शब्दातील पिंड म्हणजे देह, असे कल्याणीच्या विज्ञानेश्वराने 'मिताक्षरे'त ठरविले. पिंड म्हणजे श्राद्धात देण्याचा पिंड, या पायावर जीमूतवाहनाने 'दायभागा'त वारसाची उभारणी केली. आणि एका शब्दाच्या या दोन वाचनांनी महाराष्ट्रातील आणि बंगालमधील कुटुंबांच्या इस्टेटींची वाटणी शतकानुशतके निरनिराळी होत राहिली. या विषयावरील प्रकरण सर्वांत लांब झाले आहे. वकिलांना ते अपुरे आणि रसिकांना ते कंटाळवाणे वाटेल, हे मी जाणून आहे.

अखेरीस एका वादाविषयी. रूढिमूलक लक्षणेचे उदाहरण म्हणून मम्मटाने 'कामात कुशल' हा प्रयोग दिला: कुश तोडणारा तो कुशल, आणि निपुण हा अर्थ लक्षणेने आला. चौदाव्या शतकातील उत्कलदेशीय विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त त्यावर हरकत घेतली. शब्दाची व्युत्पत्ती निराळी आणि लोकांत त्याची प्रवृत्ती निराळी. व्युत्पत्तीलाच मुख्यार्थ मानावयाचे तर गो हा शब्दही जाण्याच्या धातूपासून आला असल्यामुळे 'गाय निजली आहे' हे वाक्यसुद्धा लक्षणेचे ठरेल, असे त्याचे म्हणणे. तिसऱ्या प्रकरणात मी विश्वनाथाचा पक्ष घेतला आहे, कारण मुख्यार्थ हा बोलणाऱ्यांच्या मनात जिवंत असलेला अर्थ होय आणि तो धातुपाठातून उकरून काढता येत नाही. परंतु त्याचा न्याय मराठी वाक्संप्रदायांना जसाच्या तसा लावता येईल असे मला वाटत नाही. कुशल हा एकटा शब्द असून त्यातील कुश कोणालाच दिसत नाहीत. 'विडा उचलणे' यात मात्र विडाही अजून दिसतो आणि उचलणेही दिसते, केवळ दरबार तेवढा उठून गेला आहे. असे प्रयोग अभिधेत जमा करावेत की लक्षणेत, याचा निर्णय प्रत्येकाच्या बाबतीत वेगळा करावा लागतो, आणि म्हणून त्यांना एका वर्गात न कोंबता चौथ्या प्रकरणात एकेकटे तपासले आहे.